केसभर पुढे

गाडीच्या इंजिनाला स्वतः हात लावायचं हूशंगने ठरवलं, ते एका मेंढ्यामुळे.

शहरकोर्दहून इस्फहानला जायचं म्हणजे मध्ये रोखचा घाट. वसंतातलं नवं वर्ष, नवरूझ, होऊन तीन आठवडे झाले होते आणि हूशंग आपल्या सासूबाईंना, गोहर खानुमना, डोळे दाखवायला इस्फहानला घेऊन निघाला होता. गाडी बावीस वर्षांची, पांढरी (म्हणजे घेतली तेव्हा पांढरी). सपाटीवर ती बरी चालायची, पण चढ दिसला की तिला आपलं वय आठवायचं. त्या दिवशी घाटाच्या मध्यावर मेंढ्यांनी भरलेला एक टेम्पो मागून आला आणि आरामात पुढे निघून गेला. जाता जाता मागच्या फळीवरून एका मेंढ्याने हूशंगकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिला. रवंथ करत.

हे एक वेळ सोसलं असतं. पण मागच्या सीटवरून गोहर खानुम मऊ आवाजात म्हणाल्या, "हूशंग जान, माझ्या वजनाने होत असेल तर मी उतरते. येते चालत हळूहळू. वर चहाला भेटू."

त्यात टोमणा नव्हता. त्या मनापासून म्हणाल्या होत्या, आणि खरा त्रास तोच होता. टोमण्याला उत्तर देता येतं. हूशंगची बायको तूबा खिडकीबाहेर बघत राहिली, पण तिचे खांदे हलत होते.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. आधी उजवा करू म्हणाले आणि महिन्यानंतरच्या मंगळवारी सकाळी अकराची वेळ दिली. ही तारीख चुकली तर पुढची थेट पानगळीत. तोवर गोहर खानुमची दृष्टी एवढी उतरली होती की घरात त्या भिंतीला हात लावून चालायच्या आणि चहात साखरेऐवजी खडू पडला तरी, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून, पिऊन टाकायच्या. म्हणजे अकरा वाजता पोचणं आलंच, आणि पोचायचं तर घाट चढणं आलं.

हूशंग पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारी नोंदवून घ्यायचा. एकवीस वर्षं लोकांच्या गळक्या नळांविषयी ऐकल्यामुळे आपल्याला यंत्रांची उपजत समज आहे, असा त्याचा समज होता. शेजारच्या टेबलावरच्या अर्सलानने त्याला खतपाणी घातलं.

"अरे, इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी पडते ना, ती जरा लवकर पाडायची," अर्सलान म्हणाला. "डेल्को असतो बघ, ठिणग्या वाटणारा गोल डबा. त्याच्या खालचा नट सैल करायचा, डबा केसभर फिरवायचा, नट कसायचा. संपलं. घोडी होते गाडीची."

"केसभर म्हणजे साधारण किती?"

अर्सलानच्या डोक्यावर एकही केस नव्हता. त्याने आठवून आठवून दोन बोटांमध्ये अंतर दाखवलं. ते बरंच होतं.

शुक्रवारी हूशंगने अंगणात बॉनेट उघडलं. नट सैल केला, डबा जरासा फिरवला, नट कसला आणि गल्लीत एक चक्कर मारली. आणि काय सांगावं, गाडी खरोखरच बदलली होती. पाय ठेवताच पुढे झेपावत होती. इथे थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण एका केसाने एवढं, तर दोन केसांनी केवढं, हा विचार माणसाला सुचतोच. दुपारपर्यंत दोनाचे चार झाले, आणि संध्याकाळी बॉनेट बंद झालं तेव्हा डबा जवळजवळ अर्धी वेणी फिरून झाला होता.

सपाट रस्त्यावर, एकटा माणूस बसलेला असताना, गाडी तिच्या तरुणपणीही पळाली नसेल तशी पळत होती. तूबाने बॉनेटवरून इस्पंदचे दाणे ओवाळून निखाऱ्यावर टाकले आणि गाडीची दृष्ट काढली. पण धूर विरायच्या आत तिने विचारलं, "एकदा गॅरेजच्या उस्तादला दाखवायची का?"

"उस्ताद काय आकाशातून पडतात?"

"नाही," तूबा म्हणाली, "पण ते शिकलेले असतात."

हूशंगने हे कानाआड केलं.

मंगळवारी पहाटे सहाला तिघं निघाली. मुक्काम तूबाच्या मावशीकडे होता आणि मावशीकडे रिकाम्या हाताने जायची पद्धत नव्हती. डिकीत चहाचा पितळी समोवार, दोन मोठी पातेली, लोणच्याच्या बरण्या, तांदळाचं पोतं आणि एक लहान गालिचा. मागच्या सीटवर गोहर खानुम, हातात सहा सोन्याच्या बांगड्या, मांडीवर कापडी पिशवी.

घाट लागला आणि पहिल्याच चढाला आवाज सुरू झाला. पत्र्याच्या डब्यात मूठभर चणे घालून कुणी हलवावेत तसा. चढावर जोर दिला की चणे, पाय काढला की शांत.

"कसला आवाज?" तूबाने विचारलं.

"समोवार," हूशंग म्हणाला.

गाडी थांबवून तूबाने समोवार गालिच्यात गुंडाळला. पुढच्या चढावर चणे पुन्हा वाजले. मग पातेल्यांची झाकणं काढून तांदळाच्या पोत्याखाली दाबली. बरण्यांमध्ये वर्तमानपत्रं कोंबली. चणे काही थांबेनात, उलट वाढले. आता डिकीत वाजण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि हूशंगची इंजिन सोडून जगातल्या कुठल्याही वस्तूवर संशय घ्यायची तयारी होती.

"खानुम-जान," तो फार अदबीने म्हणाला, "माफ करा हं. पण तुमच्या बांगड्या तर नसतील?"

गोहर खानुमनी एकेक करून सहाही बांगड्या काढल्या आणि रुमालात बांधल्या. तूबाने नवऱ्याकडे असं पाहिलं की मेंढा बरा म्हणावा.

बांगड्या गेल्या, चणे राहिले. त्यानंतर जपमाळ गेली. आणि मग, दोन चढ आणखी झाल्यावर, घामाघूम झालेल्या हूशंगने ते वाक्य उच्चारलं, जे आठवून पुढे तो अंघोळीच्या वेळीसुद्धा एकटाच कण्हत असे.

"खानुम-जान, रागावू नका. पण खड्ड्यांतून जाताना… तुमची कवळी…"

"हूशंग," तूबा म्हणाली.

"असू दे ग," गोहर खानुम म्हणाल्या. "त्याच्या जिवाला तेवढंच बरं." त्यांनी पाठ फिरवून कवळी काढली, डबीत ठेवली आणि डबी पिशवीत तळाशी सारली.

आता खरी गोष्ट अशी होती, की तो आवाज कसला आहे हे गाडीत एका माणसाला पहिल्या चढापासून ठाऊक होतं, आणि ते माणूस म्हणजे गोहर खानुम. जावयाच्या गाडीत बसून जावयाला शहाणपण शिकवू नये, या रीतीपायी त्या गप्प बसल्या होत्या. पण चणे आता हातोड्यांसारखे वाजायला लागले, तशी त्यांनी रीत बाजूला ठेवायचं ठरवलं. ठरवलं, पण दात पिशवीच्या तळाशी होते.

त्या पुढे झुकून म्हणाल्या, "हूफंग फान, येल्को मागे घे."

"काय म्हणाल्या?" हूशंगने विचारलं.

"एकदा मागे ने म्हणतेय," तूबाचा चेहरा उतरला. "घरी परत ने म्हणतेय. आई, घाबरायचं नाही ग. दहा मिनिटांचं काम आहे डोळ्याचं."

"येल्को," गोहर खानुम जीव तोडून म्हणाल्या. "थिनगी लवकर पदते."

"जिंदगी लवकर सरते म्हणतेय," तूबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, असं अभद्र बोलू नये. तुझं वय ते काय."

"खानुम-जान, धीर धरा," हूशंगने गाडीचा वेग आणखी वाढवला. "मी तुम्हाला वेळेवर पोचवतो."

एवढं तो म्हणाला आणि बॉनेटखालून वाफ निघाली.

माथ्याच्या अलीकडे, एका वळणावर, गाडी कडेला घेऊन तिघं अर्धा तास थांबली. काळजीने कुणाच्याच तोंडात घास घोळेना म्हणून बरोबर आणलेलं पाव-पनीर तसंच राहिलं. चणे थांबले, तशी धोका टळला असं समजून गोहर खानुमनीही पुन्हा रीत धरली. पाणी थंड झाल्यावर हूशंगने किल्ली फिरवली. इंजिन अर्धा फेरा फिरलं, मधेच कुणीतरी उलटं ढकलल्यासारखं अडलं आणि गप्प झालं. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच. चार-पाच वेळा झाल्यावर बॅटरीने मान टाकली. साडेआठ वाजले होते. खाली दरीत रस्ता रिकामा दिसत होता आणि थांबलेले दोन ट्रकवाले तंबाखूची चिमूट आणि सहानुभूती देऊन निघून गेले होते.

"तारीख गेली," तूबा हळूच म्हणाली. आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू. "पानगळीपर्यंत तिला काही दिसायचं नाही, हूशंग. काहीच."

हूशंगला त्या क्षणी अर्सलानचं टक्कल डोळ्यांपुढे दिसत होतं. तो उठला आणि त्याने डिकीतून हँडल काढलं, गाडीच्या तोंडाशी असलेल्या भोकात घालून हाताने इंजिन फिरवायचं ते लोखंडी वाकडं हँडल. ते दगडावर खणकलं.

तो खणखणाट ऐकून गोहर खानुम दार उघडून खाली उतरल्या. एक हात गाडीच्या पत्र्यावर ठेवत, चाचपडत, त्या पुढे आल्या. दुसऱ्या हाताने पिशवीत तळापर्यंत शोधून त्यांनी डबी काढली, कवळी बसवली, आणि पहिलं वाक्य बोलल्या.

"अंगठा बाहेर."

"काय?"

"हँडल मुठीत आवळू नकोस. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. आणि खाली दाबायचं नाही, वर ओढायचं."

"खानुम-जान, येतं मला."

"येत असेल रे. माझ्या समाधानासाठी कर."

म्हाताऱ्या माणसांचं मन राखावं, असं मनाशी म्हणत हूशंगने अंगठा बाहेर ठेवला आणि हँडल वर ओढलं. इंजिनात काहीतरी धाडकन पेटलं, आणि हँडल खेचराने लाथ झाडावी तसं उलटं फिरलं. हूशंगच्या हातून ते निसटलं, तळव्याला फटका देऊन गेलं, आणि तो मागच्या मागे काट्यांच्या झुडपात जाऊन बसला.

तूबा धावली. हूशंग काही वेळ झुडपातच बसून आपला उजवा हात बघत होता. तळवा लाल झाला होता. पाचही बोटं हलत होती. त्याने अंगठा हलवून पाहिला. तोही हलला.

"मुठीत आवळलं असतंस तर मनगट गेलं असतं," गोहर खानुम शांतपणे म्हणाल्या. "रहमतच्या जोडीदाराचं तसंच गेलं. पुढे आयुष्यभर बिचारा चहाचा पेला डाव्या हाताने धरायचा."

रहमत म्हणजे हूशंगचे सासरे, खुदा त्यांना शांती देवो. ते तीस वर्षं लॉरी चालवायचे, हे हूशंगला माहीत होतं. त्यातली लग्नानंतरची आठ वर्षं, तूबा होईपर्यंत, गोहर खानुम लॉरीत त्यांच्या शेजारी बसून बंदरापासून इस्फहानपर्यंत जायच्या, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"डेल्को तू फिरवलास ना?" त्यांनी विचारलं.

हूशंगने झुडपातूनच कबूल केलं. "केसभर, खानुम-जान."

"कुणाचा केस?"

तूबाने तोंडावर पदरासारखा रुमाल धरला.

"ऐक," गोहर खानुम म्हणाल्या. "पिस्टन वर येत असतो आणि तो पोचायच्या आधीच तुझी ठिणगी पडते. म्हणजे घरी येणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार आपटल्यासारखं. सपाटीला त्याला सोसतं. चढाला, ओझं असलं की, ठिणगी त्याच्या डोक्यावर घण घालते, आणि तेच तुला चणे म्हणून ऐकू येत होतं. आणखी दोन चढ तू असाच रेटला असतास तर पिस्टनला भोक पडलं असतं. आमचं पडलं होतं एकदा. बर्फात तीन रात्री काढल्या. आता उठ आणि पाना आण."

हूशंग उठला. अंगातले काटे काढायला वेळ नव्हता. त्याने नट सैल केला.

"ज्या बाजूला फिरवल्यावर गाडी उड्या मारायला लागली, त्याच्या उलट फिरव. अजून. अजून, लाजू नकोस. हं. आता हँडल. अंगठा."

"बाहेर आहे, खानुम-जान."

या वेळी इंजिनाने लाथ मारली नाही. तिसऱ्या ओढीला ते खोकलं आणि सुरू झालं. गोहर खानुमनी एक हात पत्र्यावर ठेवला, मान तिरपी केली आणि डोळे मिटले. (मिटले काय आणि उघडे काय, पण मिटले.) तूबा स्टिअरिंगमागे बसली होती आणि हूशंग डबा दोन्ही हातांनी धरून उभा होता.

"फार मागे गेलं. आळसावलंय. जरा पुढे. मसुराच्या डाळीएवढं. बस, बस. अर्धी डाळ मागे. आता पेट्रोल दे बघू तूबा. पाय काढ. पुन्हा दे." त्या ऐकत राहिल्या. वारा त्यांचा डोक्यावरचा रुमाल उडवत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं, जे हूशंगने एकवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. "थांब. हेच. कस."

त्याने नट कसला. तूबा गाडीतून खाली उतरली आणि आईकडे, जणू नुकतीच ओळख झाल्यासारखी, बघत राहिली.

उरलेला चढ गाडीने काही घोडीसारखा चढला नाही. पण न कुरकुरता, न कण्हता, चण्याचा एकही दाणा न वाजवता चढला. माथ्यावर गोहर खानुमनी रुमालाची गाठ सोडली आणि बांगड्या एकेक करून परत हातात घातल्या. त्या किणकिणल्या, तेव्हा हूशंगला फार बरं वाटलं.

इस्फहानपर्यंत त्याच्या मनात आभारांची जुळवाजुळव चालली होती. माणसाचा हात वाचला, इंजिन वाचलं, डोळ्याची तारीखही कदाचित वाचेल, आणि हे सगळं त्या बाईंनी केलं, ज्यांचे दात आपण काढायला लावले. याचे आभार मानायचे तर साधं 'उपकार झाले' पुरणार नव्हतं. शिवाय तूबासमोर ते बोलायचं धाडस नव्हतं. बोलताना आपण रडणार हे त्याला ठाऊक होतं, आणि तिने ते जन्मभर ऐकवलं असतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ते दवाखान्यात पोचले. डॉक्टर अजून तिसऱ्याच डोळ्यावर होते. गोहर खानुमचा नंबर सहावा. हूशंग जिन्यातच पायरीवर बसला आणि त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. जाणाऱ्या येणाऱ्यांनी त्याला, खुदा धीर देवो, असं सांगितलं.

डोळा उत्तम झाला. चार वाजता भेटायची वेळ सुरू झाली, तेव्हा तूबा मावशीला फोन करायला खाली थांबली आणि हूशंग सुपाचा थर्मास घेऊन एकटाच वर गेला. अशी संधी पुन्हा यायची नव्हती.

"खिडकीजवळची खाट," नर्सने सांगितलं.

वॉर्डात खिडक्या दोन्ही बाजूंना होत्या, ही गोष्ट हूशंगच्या नंतर लक्षात आली. त्या क्षणी त्याला दिसली ती खिडकीजवळची खाट, पांढरा रुमाल, एका डोळ्यावर पट्टी, गळ्यापर्यंत चादर. तो खाटेशी गेला, थर्मास ठेवला, त्यांचा सुरकुतलेला हात आपल्या सुजलेल्या हातात घेतला आणि, धीर सुटायच्या आत, बोलायला लागला.

तो म्हणाला की मी मूर्ख आहे. मला ठाऊक नाही हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही पहिल्या चढापासून सगळं जाणून होतात आणि माझा मान राखायला गप्प बसलात, आणि मी तुमच्या बांगड्या काढायला लावल्या. आज हा हात चालतोय तो तुमच्यामुळे. एकवीस वर्षं मी तुम्हाला खानुम म्हणत आलो. माझी आई मी सात वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून तो शब्द तोंडात आलाच नाही. आज परवानगी असेल तर म्हणतो. मामान, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

हे बोलून त्याने तो हात डोळ्यांना लावला.

खाटेवरच्या बाईंनी दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याही रडत होत्या.

"बाळा," त्या म्हणाल्या, "इतकं गोड मला माझ्या पोटच्या पोरांनीही कधी ऐकवलं नाही. तू कुणाचा रे?"

आवाज निराळा होता. हूशंगने डोळे पुसून पाहिलं. बांगड्या नव्हत्या, आणि हनुवटीवर गोंदण होतं, जे गोहर खानुमना नव्हतं. वॉर्डातल्या बाकीच्या चार बायका एक-एक डोळा त्याच्याकडे लावून बसल्या होत्या.

समोरच्या खिडकीजवळच्या खाटेवरून ओळखीचा मऊ आवाज आला. "हूशंग जान, त्या बाईंचं झालं असेल तर इकडे ये. आणि पुन्हा पहिल्यापासून म्हण, मला नीट ऐकायचंय."

हूशंग थर्मास उचलून पलीकडे गेला. स्टुलावर बसला. त्याने तोंड उघडलं, आणि घाटापासून जमवलेल्या त्या सगळ्या भाषणातला एक शब्द आठवला तर शपथ.

"सूप आणलंय," तो म्हणाला. "गरम आहे."

"मूर्ख आहे म्हणाला होतास आधी," पलीकडच्या बाईंनी मदत केली. त्या नजफाबादच्या मोलूक खानुम होत्या आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली होती.

"हो," हूशंग म्हणाला. "ते."

"मग ठाऊक नाही हे ठाऊक नव्हतं, असं काहीतरी. मग बांगड्या. मग हाताचं. अहो, फार छान म्हणाला तुमचा पोरगा. शेवटी मामान म्हणाला, तेव्हा तर माझी पट्टी भिजली."

"मामान म्हणाला?" गोहर खानुमनी विचारलं. त्यांचा आवाज जरा हलला.

"म्हणाला ना. विचारा त्याला."

अशा रीतीने हूशंगच्या कृतज्ञतेचं उरलेलं भाषण मोलूक खानुमनीच, मधे मधे हुंदके देत आणि एक-दोन ठिकाणी स्वतःची भर घालत, शेवटपर्यंत नेलं. हूशंग स्टुलावर बसून प्रत्येक वाक्याला मनापासून मान हलवत होता. पण एक डोळा पट्टीखाली आणि दुसऱ्यात अजून मोतीबिंदू असल्यामुळे ती हलती मान दोघींपैकी एकीलाही दिसत नव्हती.